डॅन्यूबवरची पहिली नदीसफर: पासाऊ ते बुडापेस्ट, बुकिंगपासून उतरेपर्यंत

नदीवरची क्रूझ ठरवताना बहुतेक जण आधी बोटीचे फोटो बघतात. खोली केवढी आहे, जेवणाचा हॉल कसा आहे, वरच्या डेकवर खुर्च्या किती आहेत. हे सगळं बघाच, पण नंतर. आधी वेळापत्रक आणि पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक टप्प्यापुढे लिहा: बोट इथून दिवसा जाते की रात्री? समुद्रावरच्या क्रूझमध्ये चहूकडे पाणीच असतं, त्यामुळे बोट रात्री चालली काय आणि दिवसा चालली काय, फारसा फरक पडत नाही. नदीवर मात्र दोन्ही काठ बघायलाच आपण जातो. सगळ्यांत देखणा काठ रात्री दोन वाजता मागे पडणार असेल, तर पैसे हॉटेलसाठी दिले, प्रवासासाठी नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना आमचा सल्ला स्पष्ट आहे: डॅन्यूब निवडा, आणि तिचाही जर्मनीतल्या पासाऊपासून हंगेरीतल्या बुडापेस्टपर्यंतचा टप्पा घ्या. नदीच्या काठावर किलोमीटरचे फलक असतात आणि ते काळ्या समुद्राकडच्या मुखापासून उलटे मोजलेले असतात. पासाऊ 2226 वर, व्हिएन्ना 1929 वर आणि बुडापेस्ट 1647 वर. म्हणजे जेमतेम 580 किलोमीटरमध्ये चार देश आणि तीन राजधान्या. सात रात्री पुरतात.

टप्पा पासाऊपासूनच का

डॅन्यूबच्या सहली न्यूरेंबर्ग किंवा रेगेन्सबुर्गहूनही निघतात आणि ब्रोशरमध्ये त्या जास्त भरगच्च दिसतात. पण पासाऊच्या वरच्या अंगाला श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या पट्ट्यात नदीला धरण नाही, ती मोकळी वाहते. उन्हाळा संपताना पाणी उतरलं की बोटी सगळ्यांत आधी इथे अडकतात. न्यूरेंबर्गच्या बाजूने येताना माइन-डॅन्यूब कालवाही लागतो. 1992 साली पूर्ण झालेला हा 171 किलोमीटरचा कालवा आणि त्याची 16 लॉक (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे दारांचे कप्पे) बघण्यासारखी आहेत, पण ती दुसऱ्या खेपेला. पासाऊहून निघालात तर ही अडचणीची जागा मुळात वाटेतच येत नाही.

पासाऊच्या खालीही सगळीकडे भरवशाचं पाणी नाही. मेल्क ते क्रेम्सचा वाखाऊ भाग, व्हिएन्नाच्या खालचा पट्टा आणि हंगेरीतला भाग इथेही नदी मोकळी वाहते. तरी वरच्या पट्ट्याच्या मानाने धोका कमी.

वेळापत्रक वाचायचं कसं

तीन जागा योग्य वेळी हव्यात, हे बघा: दोन दिवसा, एक रात्री.

पहिली श्लोगेनचं वळण. पासाऊ आणि लिंट्झच्या मध्ये, 2187 किलोमीटरच्या आसपास नदी डोंगराला वळसा घालून जवळजवळ उलटी फिरते. बऱ्याच बोटी पासाऊहून संध्याकाळी सुटतात आणि हे वळण अंधारात जातं. मे-जूनमध्ये उजेड रात्री साडेआठ-नऊपर्यंत टिकतो, तेव्हा निदान अर्धं तरी सापडतं.

दुसरी वाखाऊ, आणि हिच्यासाठी हट्ट धरा. मेल्क ते क्रेम्स हा 35 किलोमीटरच्या आतबाहेरचा टप्पा 2000 साली जागतिक वारसा यादीत गेला. डोंगराच्या उतारावर दगडी बांधांनी धरलेल्या द्राक्षांच्या पायऱ्या, खाली जर्दाळूच्या बागा. मेल्कहून प्रवाहाबरोबर निघालात की मेल्कचा मठ आणि आगश्टाइनचा पडका किल्ला उजव्या हाताला राहतो. विलेनडोर्फ, श्पिट्झ, वाइसेनकिर्खेन आणि निळ्या मनोऱ्याचं ड्युर्नश्टाइन डावीकडे. म्हणजे खुर्ची डावीकडे धरावी आणि मठासाठी तेवढं उठून उजवीकडे जावं. ड्युर्नश्टाइनच्या वरच्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड 1192 च्या अखेरीस कैदेत होता. बोटीतून बघताना तो किल्ला दगडांच्या ढिगासारखा वाटतो, नीट बघितल्यावर भिंती डोंगरापासून वेगळ्या ओळखू येतात.

इथे दिशेचाही फरक पडतो. प्रवाहाबरोबर हा टप्पा पावणेदोन-दोन तासांत संपतो, उलट्या दिशेने तीन तास लागतात. ज्यांना डेकवर बसून काठ बघायचा आहे, त्यांनी बुडापेस्टहून पासाऊकडे जाणारी सफर जरूर विचारात घ्यावी. पैसे बहुधा तेवढेच आणि नदी जास्त वेळ मिळते.

तिसरी जागा बुडापेस्ट, आणि ती मात्र रात्रीची. उत्तरेकडून शिरताना मार्गारेट पूल ओलांडला की डावीकडे 268 मीटर लांबीची संसदेची इमारत पाण्याला लागून उभी राहते, उजवीकडे बुडाचा किल्ला, समोर 1849 चा साखळी पूल. रोषणाई मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, म्हणून बोट कितीला पोचते हे विचारून घ्या. काही बोटी दुपारी पोचतात आणि रात्री मुद्दाम एक फेरी मारून परत धक्क्याला लागतात. ते उत्तम.

वेळापत्रकात प्रत्येक शहरापुढचे तासही मोजा. व्हिएन्नाला एक दिवस आणि एक रात्र मुक्काम असलेली सफर घ्या. "व्हिएन्ना: सकाळी 8 ते दुपारी 2" असं लिहिलेलं असेल तर दुसरी शोधा.

कधी जायचं

मुलांच्या शाळांमुळे आपल्याकडे दोनच काळ हाताशी असतात, मे आणि दिवाळी. यातला मे निवडा. दिवस मोठा असतो, थंडी सोसवते. धोका एवढाच की आल्प्समधलं बर्फ वितळण्याचे आणि मोठ्या पावसाचे दिवस मे-जूनमध्येच येतात आणि नदी चढू शकते. दिवाळीत उलटं: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात आणि त्यानंतर व्हिएन्नात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवसाउजेडी काठ बघायचा तर हे परवडत नाही. ज्यांना सुट्टीचं बंधन नाही त्यांनी मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा जर्दाळूचा मोहोर किंवा सप्टेंबर धरावा. नोव्हेंबरच्या शेवटापासून नाताळपर्यंतच्या सफरी बाजारांसाठी असतात. त्या काठासाठी नाहीत, हे ठरवून जा.

पाण्याची पातळी: सगळ्यांत जास्त सहली इथेच बिघडतात

नदीची बोट दोन कारणांनी अडते आणि दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत. पाणी उतरलं तर बोटीचा तळ टेकायची भीती. या बोटी दीड-दोन मीटर पाण्यातच बसलेल्या असतात, पण तळाखाली थोडं अंतर राखावंच लागतं. पाणी चढलं तर बोट तरंगते, मात्र पुलाखालून जात नाही. म्हणूनच या बोटी बसक्या असतात. कमी उंचीच्या पुलाआधी वरच्या डेकवरचे कठडे आडवे पाडतात, सावलीची कापडं गुंडाळतात, कप्तानाची केबिन खाली सरकवतात आणि प्रवाशांना डेकवरून उतरवतात. पाणी ठरावीक खुणेच्या वर गेलं की सरकारी आदेशाने त्या भागातली सगळी वाहतूकच थांबते. कंपनीने ठरवलं तरी बोट हलत नाही.

हे दुर्मीळ नाही. जून 2013 मध्ये पासाऊला पाणी 12.89 मीटरच्या खुणेवर पोचलं, पाचशे वर्षांतलं सर्वांत मोठं. सप्टेंबर 2024 च्या पुरात व्हिएन्नाजवळ क्रूझच्या बोटी प्रवाशांसह अडकून पडल्या. 2018 आणि 2022 चे उन्हाळे उलट कोरडे गेले.

बोट अडली की कंपन्या साधारण तीनपैकी एक करतात. दोन सारख्या बोटी अडथळ्याच्या दोन बाजूंना असतील तर प्रवाशांना बसने पलीकडे नेऊन दुसऱ्या बोटीत तशाच खोलीत बसवतात. नाहीतर बोट एका जागी उभी ठेवून रोज बसने शहरं दाखवतात. अगदीच बिघडलं तर सफर रद्द होते. करारात बहुधा "मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनीकडे" असं कलम असतं आणि बसने नेलं तर परतावा मिळेलच असं नाही. म्हणून पैसे भरण्याआधी ईमेलवर विचारा: बोट अडली तर पलीकडे दुसरी बोट आहे का? किती दिवस बसने गेल्यावर परतावा मिळतो? निर्णय कधी कळवता? उत्तर लेखी ठेवा. प्रवासविमा घेतानाही हेच बघा, कारण साध्या पॉलिसीत "पाण्याच्या पातळीमुळे मार्ग बदलला" हे कारण अनेकदा धरलेलं नसतं.

निघण्याआधी पंधरा दिवस पातळी बघायला लागा. जर्मनीच्या पेगेलऑनलाइन या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक मोजणीकेंद्राचा आकडा फुकट दिसतो. पण नवखे इथे हमखास चुकतात: तो आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. प्रत्येक केंद्राचा शून्य वेगळ्या उंचीवर ठरवलेला असतो. पासाऊला 480 सेंटिमीटर दिसलं म्हणून तिथे नदी पावणेपाच मीटर खोल आहे असं होत नाही, आणि दोन गावांचे आकडे एकमेकांशी ताडून काही कळत नाही. एकाच केंद्राचा आकडा रोज चढतोय की उतरतोय एवढंच बघा.

खोली निवडताना

बोट 110 किंवा 135 मीटर लांब आणि 11.40 मीटर रुंद असते. माइन नदीची आणि कालव्याची लॉक 12 मीटर रुंद आहेत, त्यामुळे याहून रुंद बोट तिथून जातच नाही. खोल्या मोठ्या का नाहीत याचं उत्तर हेच. साधारण 14 ते 16 चौरस मीटर, त्यातच बाथरूम.

सर्वांत खालच्या डेकच्या खोल्या स्वस्त. त्यांची खिडकी छताजवळ असते, उघडत नाही, आणि पलंगावर बसल्यावर फक्त आभाळ दिसतं. उभं राहून बघितलं तर पाणी खिडकीच्या हातभर खाली. दिवसभर डेकवर बसणाऱ्यांना ही खोली चालते, आणि वाचलेल्या पैशांत व्हिएन्नात दोन रात्री जास्त राहता येतं. मधल्या आणि वरच्या डेकला जमिनीपासून छतापर्यंत सरकती काच असते. तिला फ्रेंच बाल्कनी म्हणतात. काच सरकवली की पुढे कठडा, बाहेर पाऊल ठेवायला जागा नसते. नावावरून फसू नका.

शेपटाकडची खोली टाळा, तिथे इंजिनाची घरघर असते. अगदी पुढचीही टाळा, बोट धक्क्याला लावताना पुढचा आडवा पंखा गडगडतो, आणि हे बऱ्याचदा पहाटे पाचला होतं. मधली खोली मागा. गुडघे दुखणारे आई-बाबा बरोबर असतील तर लिफ्ट कुठून कुठे जाते हे विचारा. बहुतेक बोटींवर ती मधल्या आणि वरच्या डेकमध्येच चालते, खालच्या डेकला आणि उघड्या डेकला जिना चढावाच लागतो.

आणखी एक: धक्क्यावर जागा कमी असल्याने दोन-तीन बोटी एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. मग तुमच्या महागड्या काचेसमोर दुसऱ्या बोटीतल्या कुणाची तरी खोली असते. पडदे ओढायचे. किनाऱ्यावर जाताना मधल्या बोटीतून चालत जावं लागतं, कधी तिच्या डेकवरून, म्हणजे पुन्हा जिने. यावर उपाय नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

व्हिसा आणि तिकिटं

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी या चारही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार. दिवस सारखे असतील तर जिथे आधी शिरणार त्या देशाकडे. या सफरीत मोजणी केली की बहुतेक वेळा ऑस्ट्रिया निघतो, पण पुढे-मागे म्युनिकला किंवा बुडापेस्टला तीन दिवस जोडले तर उत्तर बदलतं. बोटीवरच्या रात्री कशा मोजायच्या यावर अर्ज अडतात, म्हणून कंपनीकडून प्रत्येक रात्री बोट कुठल्या बंदरात असेल त्याचं पत्र घ्या. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मेच्या सफरीसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच व्हीएफएसची, म्हणजे व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राची, वेळ मिळवा. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा लागतो.

बुडापेस्टच्या खाली सर्बियातून काळ्या समुद्राकडे जाणारी सफर घेतलीत तर व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा, कारण सर्बिया शेंगेनमध्ये नाही आणि तुम्ही बाहेर पडून परत आत येता.

विमानाचं तिकीट जाताना म्युनिक, येताना बुडापेस्ट असं काढा. म्युनिकहून पासाऊला सव्वादोन तासांची रेल्वे आहे. पासाऊला आदल्या दिवशीच पोचा. विमान चुकलं म्हणून बोट थांबत नाही, आणि दिवस हातात असेल तर इन, डॅन्यूब आणि इल्झ यांचा संगम बघून होतो. टोकावर उभं राहिलं की इनचं हिरवट दुधाळ पाणी, डॅन्यूबचं करडं आणि इल्झचं काळसर पाणी बराच लांबपर्यंत वेगळं वाहताना दिसतं. आणि बोट खरंच पासाऊहून सुटते का ते बघा. बऱ्याच बोटी फिल्सहोफेन किंवा एंगेलहार्ट्सझेलहून सुटतात.

किमतीत काय धरलंय ते एकेक करून विचारा: बंदरकर, शहरातल्या सहली, जेवणाबरोबरचं पेय, टिप. बऱ्याच कंपन्या माणशी दर रात्री 10 ते 15 युरो टिप सुचवतात. दोघांची सात रात्रींची टिप 140 ते 210 युरो होते, लहान रक्कम नाही. एकट्याने जाणाऱ्यांना एका खोलीसाठी जास्तीचे पैसे भरावे लागतात. भारतातून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे विकतानाच गोळा केला जाणारा कर, कापतात. तो इन्कम टॅक्स रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, प्रमाणपत्र जपून ठेवा.

जेवण आणि सामान

शाकाहारी असाल तर नुसतं "व्हेज" लिहून भागत नाही. अंडं, मासा, मांसाचं पाणी घातलेलं सूप आणि जिलेटिन असलेलं गोड चालत नाही, असं शब्दाशब्दाने लिहून सहा आठवडे आधी कळवा आणि बोटीवर पहिल्याच संध्याकाळी मुख्य वेटरला पुन्हा सांगा. स्वयंपाकाचं सामान ठरावीक बंदरातच चढतं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी केलेली मागणी पुरी होईलच असं नाही. जैन जेवण हवं असेल तर स्वतःचे स्वयंपाकी नेणाऱ्या भारतीय गटाबरोबरच जा.

चिवडा, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले शेंगदाणे खुशाल न्या. पेढे, बर्फी, तूप, पनीर मात्र नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांनी दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. खोलीत किटली किंवा इस्त्री लावायची परवानगी नसते. कॉफीचं यंत्र लाउंजमध्ये अहोरात्र असतं, पोह्यांच्या पाकिटाला लागणारं गरम पाणी तिथून मिळतं. चार्जरसाठी गोल दोन पिनांचा प्लग चालतो, आपला तीन पिनांचा बसत नाही.

नदीच्या बोटींवर बहुधा डॉक्टर नसतो. औषधं पूर्ण दिवसांची आणि चिठ्ठीसकट घ्या. समुद्रासारख्या लाटा नसल्याने बोट लागत नाही. बूट न घसरणारे हवेत: जुन्या गावांचे रस्ते गोट्यांचे आहेत आणि धक्क्यावरची फळी पाणी उतरलं की तीव्र उताराची होते.

बोटीवरचे दिवस

रोज संध्याकाळी खोलीत दुसऱ्या दिवसाचा कागद येतो. त्यावर सुटायच्या वेळेआधी परतायची वेळ असते, बहुधा अर्धा तास आधीची. बाहेर पडताना रिसेप्शनवरून कार्ड घ्यायचं, परतल्यावर जमा करायचं. कोण आत, कोण बाहेर हे त्यावरूनच कळतं. कार्डावर बोटीचं नाव आणि फोन नंबर असतो. बोट चुकलीच तर घाबरू नका. नंबरावर फोन करून पुढचं बंदर विचारा आणि रेल्वेने तिथे जा. नदीवर बोट पुढे गेली तरी लांब जात नाही.

पासाऊ ते बुडापेस्टमध्ये 11 लॉक लागतात. त्यातलं एक तरी डेकवरून नीट बघा. बोट आत शिरते, मागचं दार बंद होतं, मग झडपा उघडून पाणी खालच्या अंगाला सोडतात. पंप नसतो, पाणी आपल्या वजनानेच जातं. ऑस्ट्रियातल्या लॉकचा कप्पा 24 मीटर रुंद आहे, त्यामुळे दोन बोटी शेजारी शेजारी मावतात. खाली उतरताना हाताच्या अंतरावरून ओली, शेवाळलेली काळी भिंत वर सरकत जाते. हात बाहेर काढू नका. स्लोव्हाकियातलं गाबचिकोवो सर्वांत खोल, तिथे बोट जवळजवळ सहा मजले उतरते. ते रात्री असेल तरी रिसेप्शनला सांगून उठवून घ्या.

व्हिएन्नाला बोट बहुधा राइश्सब्र्युके पुलाजवळ लागते. फोरगार्टनश्ट्रासे स्टेशनवरून यू-1 मेट्रोने चौथं स्टेशन श्टेफान्सप्लाट्झ, शहराचं मध्य. कंपनीची संध्याकाळची जादा सहल घेण्याआधी हे लक्षात असू द्या. ब्रातिस्लाव्हाला तर धक्क्यावरून जुन्या गावात चालतच जायचं. हंगेरीत युरो नाही, फोरिंट चालतो. कार्ड सगळीकडे चालतं, म्हणून नोटा थोड्याच बदला.

उतरायच्या आदल्या रात्री बिल भागवून टाका, सकाळी रिसेप्शनवर रांग लागते. मोठ्या बॅगा सांगितलेल्या वेळी दाराबाहेर ठेवायच्या आणि खोली आठ-नऊपर्यंत सोडायची, कारण दुपारी त्याच खोलीत नवे प्रवासी येणार असतात. पासपोर्ट प्रवासभर रिसेप्शनकडे असतो. तो हातात घेतल्याशिवाय टॅक्सीत बसू नका.